दाखला कुणी द्यायचा?

मतदानाच्या सुट्टीत सिंहगडावर जाणाऱ्यांनो, आधी माझ्या मेहुण्याचं ऐका. प्रकाश, वारज्याचा. बिल्डरची माणसं घराची भिंत पाडायला आली, झटापट झाली आणि पोलिसांनी यालाच आत टाकलं. जामीन मिळेना, खटलाही सुरू होईना. तेवढ्यात महापालिकेची निवडणूक आली. मी तुरुंगात भेटायला गेलो, तर तो चिडलेला.

"दाजी, मला मत देता येत नाही म्हणे."

"का? तुझा गुन्हा कुठे शाबित झालाय?"

"आत हाय म्हणून. कायदाच तसा हाय. पण आमच्या बराकीतला एक जण आपल्या वॉर्डातनं उभा हाय. खंडणीची केस. त्याला चालतं!"

मला वाटलं, चेष्टा करतोय.

"काल माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, घरच्यांना माझं नाव सांगा."

"मग?"

"म्हटलं, मला एक दिवस बाहेर सोडवा, तुमच्या विरोधात मत टाकून परत येतो."

तो माणूस निवडून आला, जामिनावर सुटला, गुलालही उधळला. प्रकाश त्यानंतर वर्षभराने निर्दोष सुटला. हिंजवडीतल्या कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हरची नोकरी मिळत होती, पण त्यांना नगरसेवकाच्या सहीचा चारित्र्याचा दाखला हवा होता. नाइलाजाने आम्ही दोघं त्या माणसाच्या ऑफिसात गेलो. कोर्टाच्या निकालाची प्रत टेबलावर ठेवली. त्याने ती उघडलीसुद्धा नाही.

म्हणाला, "अहो, तुरुंगात राहून आलेल्या माणसाची खात्री मी कशी देणार?"