दुधातली गोळी

पेंटर: खरं सांग. चोरून खातेस ना?

बायको: आधी टेकू तर द्या. चार पायऱ्या चढले तर धाप लागलीय.

पेंटर: त्या स्टुलावर नको, रंग ओला आहे. इकडे या डब्यावर बस. पाणी देऊ?

बायको: नको. बसते नुसती.

पेंटर: फोनवर तू आकडा सांगितलास ना, तेव्हापासून माझा हात चालत नाहीये. हे बघ, ‘बेकरी’मधला क कसा आलाय. दारू पिऊन लिहिल्यासारखा. आपल्या घरात तळण बंद, लोणी बंद, तुझ्यासोबत मीही उकडलेल्या भाज्या गिळतोय. आणि तुझं कोलेस्टेरॉल वरच चाललंय. म्हणजे कुठून तरी पोटात जातंय.

बायको: हो. खाते मी.

पेंटर: काय खातेस?

बायको: तेच. तळलेलं.

पेंटर: कुठे?

बायको: माझ्या दुकानात. शिवायला येणाऱ्या बायका आणतात काहीबाही.

पेंटर: परवा तुझी ती काजं-बटणं करणारी भेटली होती रस्त्यात. म्हणाली, वहिनी आमच्यासमोर काकडी चघळत बसतात, आम्हाला आमचा डबा उघडायची चोरी झालीय.

बायको: ती फार बोलते.

पेंटर: आणि तू अंगठी फिरवतेयस. लग्न झाल्यापासून बघतोय, थाप मारायची वेळ आली की तुझं बोट अंगठीकडे जातं.

बायको: घट्ट झालीय म्हणून फिरवतेय. बोटं सुजलीत.

पेंटर: सुजलीत तर फिरतेय कशी?

बायको: तुम्ही ना, पोलिसात जायला हवं होतं. उगाच पाट्या रंगवत बसलात.

पेंटर: थट्टेवारी नेऊ नकोस. तुझ्या ताईचं काय झालं ते दोघांनी डोळ्यांनी पाहिलंय. तिलाही अशीच थंडी वाजायची, चेहरा सुजायचा, जिन्यात मध्येच थांबायची. सगळे म्हणायचे, वय झालं. वय कसलं, आत्ता तू आहेस तेवढीच तर होती. भाजी निवडता निवडता भिंतीला टेकली, ती परत उठलीच नाही. आज तू फोनवर ‘कोलेस्टेरॉल’ म्हणालीस आणि मला तीच आठवली. मला पुन्हा ते बघायचं नाहीये.

बायको: मलाही आठवलीच ताई. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला हृदयाचं दुखणं होतं का. मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

पेंटर: मग?

बायको: म्हणाल्या, खाण्याचा दोष नाही तुमचा. गळ्यातली ती ग्रंथी मंद झाली की सगळ्या शरीराचंच काम मंद होतं. रक्तातली चरबी उचलून बाहेर काढायची, तेही काम रेंगाळतं. मग ती नळ्यांना आतून चिकटत राहते, वर्षानुवर्षं, कळतही नाही. म्हणून आधी थायरॉइड ताळ्यावर आलं पाहिजे. ते आलं की कोलेस्टेरॉल बरंचसं आपोआप उतरेल. नाही उतरलं तर त्याची वेगळी गोळी.

पेंटर: पण थायरॉइडची गोळी तर तू घेतेस.

बायको: त्यांना तेच कोडं पडलंय. दोनदा वाढवली, तरी रक्तात काही फरक नाही. आज तिसऱ्यांदा वाढवून दिलीय. त्यांना वाटतंय, मी घेतच नाही.

पेंटर: घेत नाही? रोज माझ्या हाताने देतो मी. बोलव त्यांना इकडे, मी सांगतो. चमच्याच्या पाठीने बारीक करतो, तुझी ती हाडांची, कॅल्शियमची गोळीही त्यातच. रंग घोटतो तशी घोटतो, दुधात एक कण तरंगताना दाखवावा कुणी. असं सांगितलंस का त्यांना?

बायको: नाही.

पेंटर: काय सांगितलंस मग?

बायको: त्यांनी विचारलं, कशासोबत घेता? मी म्हटलं, पाण्यासोबत.

पेंटर: पाण्यासोबत? अगं, दूध मी तापवतो, साय मी काढतो, आणि नाव पाण्याचं? बोल ना. आता अंगठीसुद्धा फिरवत नाहीयेस.

बायको: ती गोळी दुधात घ्यायची नसते.

पेंटर: म्हणजे?

बायको: उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची. मग तासभर चहा नाही, दूध नाही, काही नाही. आणि हाडांची गोळी तर खूप नंतर, पार दुपारी. ती आणि दूध मिळून हिला अंगाला लागूच देत नाहीत. बरीचशी तशीच वाहून जाते.

पेंटर: हे आज सांगितलं त्यांनी?

बायको: मागच्या वेळी.

पेंटर: मागच्या वेळी म्हणजे तेव्हा हिवाळा होता.

बायको: हो.

पेंटर: म्हणजे हिवाळ्यापासून मी तुला रोज सकाळी उठवून, उशी मागे लावून, गोळी वाया घालवतोय. आणि तुला ते माहीत आहे.

बायको: असं नका म्हणू.

पेंटर: मग कसं म्हणू? माहीत असून तू पीत राहिलीस? मला एका शब्दाने बोलली नाहीस?

बायको: अहो, तुम्हाला आठवतंय का, ताई गेली त्यानंतर मी अंथरुणातून उठायलाच तयार नव्हते. गोळी घशाखाली उतरायची नाही, उलटून पडायची. इतक्या वर्षांत तुम्ही कधी गॅस पेटवला नव्हता. कांदा कुठे ठेवतात ते तुम्हाला माहीत नव्हतं. आणि एक दिवस तुम्ही ग्लास घेऊन आलात. दूध करपलेलं होतं.

पेंटर: थोडंसं.

बायको: चांगलंच करपलेलं होतं. ते मी प्यायले आणि त्या दिवशी उठले. तेव्हापासून रोज येता. माझे हातपाय गार पडलेले असतात, तो ग्लास हातात धरला की बरं वाटतं. तुम्ही कडेला टेकता, ग्लास रिकामा होईपर्यंत काहीतरी बोलता. मग ग्लास घेऊन जे जाता ते थेट इथे. इथे आलात की तुम्ही पाटीचे. रंगाचा पहिला हात दिला की तो वाळेपर्यंत तिच्यापाशी बसून राहता, माशी बसू देत नाही. माझ्या वाट्याला तेवढा एक ग्लास येतो. मला वाटलं, दूध बंद म्हटलं की तुम्ही यायचेच बंद व्हाल. पाण्याचा पेला काय, कुणीही उशाशी ठेवून देईल. आणि वर तुम्हाला लागलं असतं ते वेगळंच. म्हटलं, डॉक्टरीणबाई गोळी वाढवतायत तर वाढवू देत. थोडी दुधात गेली तरी थोडी उरेल.

पेंटर: वेडी आहेस का तू? माझ्या एका ग्लासासाठी जीव टांगणीला लावलास?

बायको: आज त्यांनी ताईबद्दल विचारलं ना, तेव्हा वाटलं, सांगून टाकावं. तोंड उघडलं आणि ‘पाण्यासोबत’च बाहेर पडलं. तुमच्या नावाने त्या काही बोलल्या असत्या तर मला सहन झालं नसतं.

पेंटर: बोलू दे ना. मी काय लहान आहे? काल एका गिऱ्हाईकाने मला घाईघाईत दुसरा हात द्यायला सांगितला, मी त्याला हाकलून दिला. म्हटलं, खालचा वाळला नाही तर वरचा धरत नाही, पापुद्रे सुटतात, मग माझ्या नावाने ओरडाल. एवढं शहाणपण दुकानात सांगतो. घरी रोज ओल्यावर ओलं थापतोय.

बायको: तुम्हाला काय माहीत होतं?

पेंटर: विचारायला हवं होतं. एकदा तरी तुझ्यासोबत दवाखान्यात यायला हवं होतं. दर वेळी म्हणालो, तू जाऊन ये, मला पाटी द्यायचीय.

बायको: आता राहू द्या ते.

पेंटर: राहू द्या नाही. ती नवीन गोळी कुठे आहे?

बायको: पिशवीत. का?

पेंटर: घेतलीस का?

बायको: उद्यापासून घ्यायचीय.

पेंटर: ती घ्यायची नाही. त्यांनी वाढवलीय ती तू नीट घेतेस असं समजून. आता खरंच नीट घेतलीस आणि ती सगळीच्या सगळी अंगी लागली तर?

बायको: त्याचंही म्हणाल्या होत्या. जास्त झाली तर छाती धडधडते, हृदयाला तेही बरं नाही.

पेंटर: ऊठ मग.

बायको: कुठे?

पेंटर: दवाखाना उघडा असेल अजून. त्यांना सांगायचं, गोळी दुधात जात होती, हाडांच्या गोळीसकट. मग पहिलीच चालू ठेवायची की किती, ते त्या ठरवतील.

बायको: आणि पाटी? बेकरीवाला संध्याकाळी येतोय ना?

पेंटर: येईल तर वाकडा क बघून जाईल. त्या टर्पेंटाइनच्या फडक्याला हात लावू नकोस, वास जात नाही. चल.

बायको: तुम्ही असेच येणार? नाकावर निळा रंग आहे.

पेंटर: असू दे. ओळखतील तरी, दूधवाला कोण ते.

बायको: अहो, पण त्यांच्यासमोर माझ्यावर चिडू नका हं.

पेंटर: चिडलोय ना मी. फार चिडलोय. हात दे, पायऱ्या उतरायच्यात.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, घरी.)

पेंटर: ऊठ गं. उशी लावलीय मागे.

बायको: हे काय, साधं पाणी?

पेंटर: कोमट केलंय. हात गार असतात ना तुझे. ही गोळी. जुनीच, पहिल्या आकड्याची. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त बघायचं, कोलेस्टेरॉलचंही तेव्हाच. मी येणार आहे.

बायको: कुटली नाही?

पेंटर: एवढीशी तर आहे. गिळून बघ. उलटली तर मी आहे इथे.

बायको: ... गेली.

पेंटर: गेली? तोंड उघड बघू.

बायको: लहान मूल आहे का मी?

पेंटर: तुझ्या ‘हो’वर माझा भरवसा उरलेला नाही. हं, गेली. हाडांची दुपारी, ती मी दुकानात आणून देईन. आणि दूध तासाभराने. पातेलं काढून ठेवलंय, तापवलेलं नाही अजून.

बायको: बरं. तो पेला द्या इकडे, मी नेऊन ठेवते. तुम्हाला उशीर होईल, तो क पुसून नव्याने लिहायचाय ना?

पेंटर: लिहीन की.

बायको: मग जा ना. दूध मी घेईन माझं माझं.

पेंटर: सरक जरा भिंतीकडे. पाय वर घेऊ दे.

बायको: अहो, तासभर आहे अजून.

पेंटर: माहीत आहे. वाळेपर्यंत मी कधी उठून गेलोय का?