लॅकरखालचे ओरखडे

रंगाच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या सुताराच्या कानावर गिटारची पेटी घेऊन पुढे उभ्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

“बाबांच्या गिटारला लॅकरचा स्प्रे मारायला तुला सांगितलं कुणी? त्यांच्या नखांचे ओरखडे होते रे तिच्यावर. तेवढेच तर उरले होते.”

“चुकलं, ताई. कालपासून पेटी उघडायचा धीर होत नाहीये.”

सुताराला राहवलं नाही.

“आधी पॉलिशपेपरनं घासली होती का?”

“नाही हो. कंटाळा केला.”

“मग उघडा बिनधास्त. नुसत्या लॅकरनं ओरखडे बुजत नाहीत, उलट उठून दिसतात.”

भावानं पेटीचं झाकण उघडलं.

“आहेत रे, सगळे आहेत. आणि हा माझ्या कर्कटकाचा. तेव्हा तुझं नाव सांगून मोकळी झाले होते मी.”

“माहीत होतं बाबांना. त्याच आठवड्यात मला सायकल उगीच नाही मिळाली, ताई.”