भातगोळा

ओसाकातल्या दवाखान्यात मित्सुए नंबराची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

“तेरुओ, नातवाने तुझा तो जुना व्हिडिओ गेम शेवटपर्यंत खेळला. बनवणाऱ्यांच्या नावांत तुझं नाव नाही रे!”

“आहे की. ‘भातगोळा’. मालकांनी सगळ्यांना टोपणनावंच लावली.”

“खरी लावली असती तर काय बिघडलं असतं?”

“मोठ्या कंपन्या माणसं पळवतील, ही धास्ती. अकरा जणांची तर आमची कंपनी!”

“आणि ती बुडाल्यावर?”

“वाटलं, आता कोणीतरी बोलावेल. दोन वर्षं फोनपाशी बसून काढली.”

“मग?”

“भातगोळ्याला कोण शोधणार, लेका?”

आतून हाक आली, “सत्तावीस नंबर!”

तेरुओ काठी टेकत उठला.