दगड खाणाऱ्यांना साखर

माझे जिवाणू कसे मेले, ते सांगितलं का तुम्हाला? हलक्या प्रतीच्या खनिजातून तांबं सोडवणारे जिवाणू. माझी सगळी पीएचडी त्यांच्याच जिवावर. लॅबमध्ये दुरुस्ती निघाली म्हणून बरण्या कर्वेनगरच्या खोलीवर आणल्या. घरमालकीण काकूंनी विचारलं, "हे खातात काय?"

म्हटलं, "दगड."

चौथ्या दिवशी सगळे गार! आम्ल बरोबर, ऊब बरोबर, मग झालं काय? माझं डोकंच चालेना. शेवटी विचारलं, "काकू, बरण्यांना हात लावलात का?"

"हात कशाला लावू? चमच्याने साखर घातली. माझ्या घरात राहून नुसता दगड खायचा?"

"अहो काकू, साखरेनेच मरतात ते!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "डायबेटिस आहे, तर आधी सांगायचं."