माउसखालची जागा

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ताई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, शेजारी ताईंचे धाकटे दीर, आणि जेवणाची वेळ टळली तरी शांत बसलेल्या मित्रमंडळींनो, सप्रेम नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. ताई दोन शब्दांत मावल्या असत्या तर मी केव्हाच खाली बसलो असतो.

आमचं ऑफिस एक्स-रे बघायचं सॉफ्टवेअर बनवतं. सुरुवातीला गिऱ्हाईक एकच, हाडांच्या डॉक्टरीणबाई. त्या गेल्या असत्या तर ऑफिसला टाळं लागलं असतं, आणि त्या निघाल्याच होत्या. फोनवर म्हणाल्या, "मनगटावर माउस ठेवून चित्र मोठं करते, तर मनगट पळून जातं आणि समोर येतो कोपर. पेशंटला काय सांगू, हात मोडलाय, कुठे ते शोधतेय?"

आम्ही पडलो हुशार. चित्र पळतंय ना, मग माउसने ओढून आणा, म्हणून ओढायची सोय करून दिली. बाईंनी जरा जोरात ओढलं आणि अख्खा हातच पडद्याबाहेर गेला. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय?

ताईंनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि स्वतःच्या लग्नातला ग्रुप फोटो उघडला. मधोमध उभ्या भाऊजींवर माउस ठेवून चाक फिरवावं, तर दरवेळी पडद्यावर डाव्या कोपऱ्यातले धाकटे दीर. ताई वैतागून आम्हाला म्हणाल्या, "अहो, लग्न कुणाशी लावताय माझं?"

मग त्यांनाच उलगडलं. आमचा प्रोग्रॅम वरचा डावा कोपरा धरून चित्र ताणत होता. "आधी माउसखाली चित्रातली कुठली जागा आहे ते बघा," त्या म्हणाल्या. "मग मोठं करा, आणि तीच जागा सरकवून परत माउसखाली आणा. आणि कुणी कितीही ओढू दे, चित्राची कड पडद्यावर राहिलीच पाहिजे."

संध्याकाळपर्यंत भाऊजी जागेवर थांबले. डॉक्टरीणबाईही थांबल्या. आज त्याच अध्यक्षस्थानी आहेत.

सकाळी आम्ही सगळ्यांनी फोटो काढला. ताई नेहमीसारख्या कडेला. तो आपल्याच प्रोग्रॅममध्ये उघडला, ताईंवर माउस ठेवला आणि चाक फिरवत गेलो. साहेब गेले, मी गेलो, सगळं ऑफिस पडद्याबाहेर गेलं. ताई होत्या तिथेच होत्या. उद्या नेमकं उलटं होणार आहे, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात दीरसाहेबांचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढी चूक त्यांनी पोटात घालावी.