चारशे घरांचा रिमोट

गोरक्ष : चार चेंडू राहिले होते मावशी. फक्त चार. आन तुम्ही कीर्तन लावलं.

शकुबाई : काल एकादशी होती. एकादशीला मी संध्याकाळीही ऐकते. माझ्या घरात मी कीर्तन लावलं, त्याचा तुला त्रास काय?

गोरक्ष : मला एकट्याला असता तर गिळला असता. देवरामच्या सलूनमधून एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं उठून माझ्या केबलच्या दुकानावर चालून आलं. तोंडाला फेस तसाच. म्हणे, म्याच कुठं गेली ते सांग, नायतर वस्तरा घेऊन येतो.

शकुबाई : माझ्या टीव्हीचा आणि त्याच्या दाढीचा काय संबंध?

गोरक्ष : आता तुमच्यापासून काय लपवायचं. तुमच्या देवघराशेजारी मी जो डिशचा डबा बसवलाय ना, त्याची एक वायर गच्चीवर जाती आन तिथून समद्या वस्तीत. तुम्ही रिमोट दाबला की चारशे घरांत चॅनल बदलतं.

शकुबाई : तरीच. परवा फुलबाजारात अंबूबाई म्हणाली, तुमचा पहाटेचा काकडा आमच्याकडेही लागतो हल्ली. मला वाटलं, बाई या वयात देवाला लागली. आणि तू मला काय म्हणाला होतास? मावशी, पुण्य म्हणून फुकट बसवतो. एरवी मॅचचं चॅनल चालू ठेवत जा, डबा गरम राहिला की टिकतो.

गोरक्ष : म्हणालो व्हतो.

शकुबाई : मी तुझ्या नावानं रोज एक शेवंतीचं फूल वाहत होते रे.

गोरक्ष : ते वाहत राहा, आज तर लय गरज हाय. कंपनीचा नियम असा, की एक डबा एका घराला. वस्तीला दाखवायचं तर निराळा परवाना पाहिजे, तो मी काढला नाय. कालच्या बोंबाबोंबीत कुणीतरी कंपनीला कळवलं. त्यांचा माणूस सकाळपासून गल्लीत फिरतोय. सापडलो तर माझा धंदा बुडाला, आन डबा तुमच्या नावावर, म्हणजे केस तुमच्यावर.

शकुबाई : माझ्यावर?

गोरक्ष : म्हणून म्हणतो, त्याला एवढंच सांगा, वायर माझ्याच टीव्हीपुरती हाय.

शकुबाई : चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, असा माझा नेम आहे.

गोरक्ष : तो पुढच्या वर्षी धरला तर?

शकुबाई : आणि आजपासून टीव्हीवर सप्ताह लागलाय. रविवारपर्यंत या घरात दुसरं काही लावायचं नाही, असा पहाटे संकल्प केलाय. रिमोट देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं.

गोरक्ष : रिमोटला?

शकुबाई : गुडघे दुखतात, देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत. तो घरबसल्या कीर्तन आणून देतो. त्याला नाही वाहायचं तर काय तुला वाहायचं?

(दारात कंपनीचा माणूस, प्रफुल्ल, हातात वही घेऊन उभा.)

प्रफुल्ल : नमस्कार आजी. गच्चीवरची डिशची छत्री आणि हा डबा तुमच्याच नावावर आहे ना?

शकुबाई : हो, सही माझीच. या आत, चपला तेवढ्या बाहेर काढा.

प्रफुल्ल : आणि हे कोण?

शकुबाई : गोरक्ष. आमचा केबलवाला.

गोरक्ष : मी आपला प्रसादाला आलोय.

प्रफुल्ल : घरात टीव्ही बघणारे किती?

शकुबाई : मी एकटी. देव धरला तर दोघं.

प्रफुल्ल : ही वायर कुठे जाते?

शकुबाई : गच्चीवर. तिथे माझे गुडघे जात नाहीत.

प्रफुल्ल : मी जाऊन आलो. नुसता गुंता आहे, कुठली वायर कुणाची ते कळत नाही. म्हणून सोपी युक्ती केली. समोरच्या टपरीत केबलचा टीव्ही आहे, तिथे आमचा लहानू बसलाय. मी इथे मॅचचं चॅनल लावतो. तिथेही तेच लागलं, की चोरी सापडली. द्या रिमोट.

शकुबाई : तो रविवारपर्यंत देवाचा आहे.

प्रफुल्ल : आजी, दोन मिनिटांचं काम आहे.

शकुबाई : तुमच्या आई चतुर्थी करतात का?

प्रफुल्ल : करते की. संकष्टी चुकत नाही तिची.

शकुबाई : चंद्र उगवायच्या आधी दोन मिनिटांसाठी जेवून घे, असं म्हणून बघा त्यांना.

प्रफुल्ल : नको, घराबाहेर काढेल मला. ठीक आहे, फोन तरी करतो. हॅलो, लहानू? काय लागलंय तिथे? कीर्तन? केशरी फेटेवाले महाराज? इथेही तेच आहेत.

गोरक्ष : साहेब, ते चॅनल मोकळं हाय. कुणाबी केबलवाल्यानं दाखवावं. मी आपला श्रद्धेनं दाखवतो.

प्रफुल्ल : मोकळं आहे ते माहीत आहे मला. तुमची श्रद्धा आजच कशी उगवली, तेवढं कळत नाहीये. आजी, हा तुमच्या डब्यातून मॅच चोरतो का?

शकुबाई : आज या वस्तीत कुणाच्याच घरी मॅच दिसत नाहीये साहेब. देवाशपथ. पुढच्या सोमवारी या. रिमोट तुमच्या हातात देईन आणि विचाराल त्याचं उत्तर देईन.

प्रफुल्ल : सोमवारी येतो. नक्की येतो.

शकुबाई : जाताना शिरा घेऊन जा. लहानूलाही न्या थोडा.

गोरक्ष : गेला. दोन वाट्या घेऊन गेला. मावशी, वाचवलंत तुम्ही. आता तेवढा रिमोट...

शकुबाई : हात लावू नकोस. सोमवारच्या आत परवाना काढ आणि तुझा डबा तुझ्या दुकानात बसव. इथली वायर तू स्वतःच्या हातानं काप. नाहीतर मी त्याला सगळं सांगणार, माझ्यावर केस झाली तरी.

गोरक्ष : काढतो परवाना, आजच पळतो. पण त्याला सोमवारच उजाडंल. तवर वस्तीत काय दाखवू?

शकुबाई : कीर्तन चोरीचं नाही ना?

गोरक्ष : नाय.

शकुबाई : घरं किती म्हणालास?

गोरक्ष : चारशे.

शकुबाई : चारशे. महाराजांच्या मंडपात तरी एवढी माणसं भरली असतील का रे?

गोरक्ष : मावशी, रविवारी फायनल हाय. लोकांना काय तोंड दाखवू?

शकुबाई : रविवारी काल्याचं कीर्तन आहे. दहाला सुरू होतं. सगळ्यांना म्हणावं, वेळेवर बसा.