छातीचा फोटो

धरमपेठेतल्या एक्स-रेच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर कन्हानचा एक वेल्डर आणि त्याची बायको बसली होती. मस्कतच्या नोकरीसाठी त्याच्या छातीचा फोटो काढायचा होता.

“खोकू नका आता.”

“खोकून नाही राहिलो वं, घसा साफ करून राहिलो.”

“फोटोत डाग निघाला तं?”

“तं व्हिसा नाही. एजंटनं साफ सांगतलं.”

“अन् नाही निघाला तं?”

“तं दोन वर्सं तिकडं.”

“मलेही संगं न्या ना.”

“बायको नेता येते तो व्हिसा साहेब लोकांले भेटते, मनकर्णे. वेल्डरले एकट्याचाच.”

“मंग तुम्ही साहेबाचा काहून नाही मागतला?”

“मागतो ना. म्हनतो, बायको हट्टाले पेटली, मले साहेब करा.”

“हासू नका, खोकला येईन.”

“एक सांग. मी जाऊ नये असं वाटते ना तुले?”

“वाटते.”

“मंग महिनाभर अडुळशाचा काढा काहून पाजला? खोकला राहिला असता, तं मीबी इथंच राहिलो असतो.”

“तुम्ही खोकत होते ना.”

आतून त्याच्या नावाची हाक आली. त्यानं सदरा काढून तिच्या हातात दिला.

“जाऊ?”

“जा. अन् ते म्हनतीन तवा श्वास रोखून धरजा. मधातच खोकू नका.”